सोडतीपूर्वी आणि सोडतीनंतर : अमेरिकेतील सनदी शाळांच्या प्रवेशनीतीचा इतिहास

सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या शाळेत कोणाला प्रवेश द्यावा, हा प्रश्न वरकरणी कारभाराचा दिसतो. वस्तुतः तो राज्यसंस्थेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे. शाळेत जागा पुरेशा असतात तोवर त्याचे खरे रूप प्रकट होत नाही. जागा थोड्या आणि इच्छुक अधिक अशी स्थिती आली, की निवास, गुणवत्ता, वंश, पालकांची ऐपत यांपैकी कोणता निकष ग्राह्य आणि कोणता त्याज्य, हे ठरवावेच लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९१ नंतर अस्तित्वात आलेल्या ‘चार्टर स्कूल’ नावाच्या शाळांनी या प्रश्नाला एक अत्यंत साधे उत्तर दिले : अर्ज जागांहून अधिक आल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात. या शाळा राज्याच्या पैशावर चालतात आणि विद्यार्थ्यांकडून शुल्क घेत नाहीत. मात्र स्थानिक शाळामंडळाच्या दैनंदिन नियंत्रणापासून बऱ्याच अंशी मुक्त राहून त्या ठरावीक मुदतीच्या सनदेनुसार आपला कारभार करतात. म्हणून त्यांना मराठीत ‘सनदी शाळा’ म्हणणे सोयीचे होईल. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक वर्षात अशा सुमारे ७,८०० शाळांत ३७ लाखांच्या आसपास मुले शिकत होती. देशातील सार्वजनिक शाळांच्या एकूण पटाशी हे प्रमाण ७ टक्क्यांहून काहीसे अधिक पडते.

चिठ्ठी कोणाचे तोंड पाहत नाही, म्हणून सोडत निःपक्षपाती, हे तर्काला पटण्याजोगे आहे. तथापि या शाळांचा गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहता असे आढळते, की प्रवेशातील अन्याय सोडतीच्या क्षणी क्वचितच घडला. तो घडला सोडतीच्या आधी, म्हणजे अर्जदारांचा समुदाय बनत असताना. आणि सोडतीच्या नंतर, म्हणजे प्रवेश मिळालेल्या मुलांचा पट टिकत वा गळत असताना. कायद्याची दृष्टी मात्र प्रथम सोडतीवरच खिळलेली होती. ती तेथून मागे आणि पुढे कशी सरकत गेली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. ‘निवडीच्या स्वातंत्र्या’चा वारसा

सनदी शाळांच्या प्रवेशनियमांचे मर्म कळण्यासाठी त्यांच्या जन्मापूर्वीचा काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वंशनिहाय विभक्त शाळा घटनाबाह्य ठरविल्या. या निर्णयाला दक्षिणेकडील राज्यांनी जो विरोध केला, त्याची दोन रूपे येथे महत्त्वाची आहेत.

पहिले रूप व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात दिसले. संमिश्र शाळा चालविण्यापेक्षा शाळाच नकोत, अशा भूमिकेने परगण्याने १९५९ मध्ये आपल्या सर्व सार्वजनिक शाळा बंद केल्या. गौरवर्णीय मुलांसाठी खाजगी शाळा उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांच्या शुल्कापोटी राज्याची अनुदाने व करसवलती मिळू लागल्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांना मात्र चार वर्षे नियमित शाळाच उरली नाही. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार अवैध ठरविल्यावर सार्वजनिक शाळा पुन्हा उघडल्या.

दुसरे रूप अधिक सौम्य आणि म्हणूनच अधिक बोधप्रद होते. व्हर्जिनियाच्याच न्यू केंट परगण्यात दोन शाळा होत्या : एक पूर्वापार गौरवर्णीयांची, दुसरी कृष्णवर्णीयांची. १९६५ मध्ये शाळामंडळाने ‘निवडीचे स्वातंत्र्य’ या नावाची योजना स्वीकारली. कोणत्याही मुलाने कोणतीही शाळा निवडावी, मंडळ आडकाठी करणार नाही. तीन वर्षांत एकाही गौरवर्णीय मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही, आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले आपल्या जुन्याच शाळेत राहिली. १९६८ च्या ग्रीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना अपुरी ठरविली. नियमाच्या शब्दांत भेद नाही एवढ्याने भागत नाही, त्या नियमाचा प्रत्यक्ष परिणाम पाहिला पाहिजे, हे त्या निर्णयाचे सार होय. प्रत्येकाला दार उघडे आहे असे जाहीर करणे आणि प्रत्येकाला दारापर्यंत येता येणे, यांतील अंतर या निर्णयाने न्यायालयीन परिभाषेत प्रथम स्पष्ट केले. पुढे सनदी शाळांबाबत उपस्थित झालेले बहुतेक वाद याच अंतराचे आहेत.

दरम्यान प्रवेशाच्या हक्काची व्याप्ती अन्य दिशांनीही वाढत होती. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाने, संघराज्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वाच्या कारणावरून भेद करण्यास मनाई केली. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना योग्य व मोफत शिक्षणाचा हक्क दिला. १९७४ च्या लाऊ खटल्यात इंग्रजी न जाणणाऱ्या मुलांचा, तर १९८२ च्या प्लायलर खटल्यात देशात वैध परवान्यावाचून राहणाऱ्या मुलांचा प्रश्न निकालात निघाला. सनदी शाळा जन्माला आल्या तेव्हा हे सर्व दंडक आधीच उभे होते. सनदेने शाळेला राज्याच्या अनेक नियमांतून सूट मिळे. या दंडकांतून मात्र नाही.

२. सनदेची कल्पना आणि सोडतीचा नियम

शाळेला सनद देण्याची कल्पना शिक्षणतज्ज्ञ रे बड यांनी मांडली. तिला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली ती १९८८ मध्ये, शिक्षक-संघटनेचे नेते आल्बर्ट शँकर यांच्या भाषणामुळे. शँकर यांच्या मनातील शाळा म्हणजे शिक्षकांच्या पुढाकाराने चालणारी एक प्रयोगशाळा होती. प्रचलित शाळांत ज्यांचा निभाव लागत नाही अशा मुलांकडे तिने विशेष लक्ष द्यावे, असे त्यांना वाटे. पुढे ही चळवळ स्पर्धेच्या तत्त्वाकडे झुकली, तेव्हा शँकर तिचे टीकाकार बनले.

पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि त्यानुसार पहिली शाळा १९९२ च्या सप्टेंबरात सेंट पॉल शहरात उघडली. या कायद्यातील प्रवेशाचे कलम आजही अभ्यसनीय आहे. मुदतीत अर्ज करणाऱ्या प्रत्येक पात्र मुलाला शाळेने घ्यावे. अर्ज क्षमतेहून अधिक झाल्यास चिठ्ठ्या टाकून निवड करावी. बौद्धिक क्षमता, शैक्षणिक यश वा क्रीडानैपुण्य पाहून प्रवेश मर्यादित करू नये. निवडीचा अधिकार पालकाचा, शाळेचा नव्हे, हे तत्त्व त्यात अंतर्भूत होते. कॅलिफोर्नियानेही पुढे अशीच जाहीर सोडतीची तरतूद केली. १९९४ मध्ये संघराज्याने सनदी शाळांना साह्य देण्याची योजना आखली, तेव्हा जागांहून अर्ज अधिक असल्यास सोडतीने प्रवेश देणे हा सनदी शाळेच्या व्याख्येचाच भाग करण्यात आला. आधीच्या विद्यार्थ्यांची भावंडे, तसेच मर्यादित प्रमाणात संस्थापकांची व शिक्षकांची मुले यांना सोडतीतून वगळण्यास पुढे मुभा मिळाली.

सोडतीचा एक अनपेक्षित लाभ विद्वानांना झाला. एकाच इच्छेने अर्ज केलेल्या मुलांचे दैवाने दोन गट पडल्यामुळे शाळेचा परिणाम तपासण्यास जणू एक नैसर्गिक प्रयोग हाती आला. बॉस्टनमधील शाळांविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेले संशोधन याच आधारावर उभे असून, तेथील सनदी शाळांत प्रवेश मिळालेल्या मुलांची प्रगती लक्षणीय असल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कारण शाळा खरोखरच चांगली असेल, तर तिच्या दाराबाहेर राहणाऱ्याचे नुकसानही तितकेच खरे ठरते. त्याच वेळी हेही लक्षात ठेवले पाहिजे, की असा अभ्यास अर्ज करणाऱ्या मुलांविषयीच बोलतो. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्याविषयी सोडत मौन पाळते.

३. वंशसमतोलाची कलमे

आरंभीच्या विधिमंडळांना सर्वांत मोठी भीती होती ती जुन्या विभक्त शाळा नव्या नावाने परत येण्याची. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शाळेच्या पटाचे वांशिक स्वरूप भोवतालच्या लोकसंख्येशी जुळते राखण्याचे उपाय सनदेत नमूद करावयास लावले. उत्तर कॅरोलायनाने १९९६ मध्ये असाच दंडक घातला, तर दक्षिण कॅरोलायनाने त्याच वर्षी जिल्ह्यातील प्रमाणापासून १० टक्क्यांहून अधिक फरक नको, असे अंकांतच बांधले.

या कलमांचे भवितव्य विपरीत निघाले. उत्तर कॅरोलायनात आरंभी या दंडकाच्या कचाट्यात सापडलेल्या शाळांत बहुसंख्य कृष्णवर्णीय मुले असलेल्या शाळाच ठळकपणे दिसल्या. प्रचलित शाळांना कंटाळून त्या पालकांनी त्या आपणहून निवडल्या होत्या. शिवाय सोडत आणि ठरीव प्रमाण या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे तर्कतःच कठीण होते. २००७ मध्ये सिएटल व लुइव्हिल येथील योजनांविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एकेका मुलाचा वंश पाहून शाळा ठरविण्यास कडक मर्यादा घातल्या. त्यानंतर वंशाच्या जागी उत्पन्न, निवास, भाषा, अपंगत्व हे निकष पुढे आले आणि वादाचे केंद्र बदलले.

४. सोडतीपूर्वी

सोडतीच्या पेटीत चिठ्ठी पडण्यापूर्वी पालकाला शाळेची माहिती असावी लागते, अर्ज मिळवावा लागतो, तो मुदतीत भरावा लागतो आणि शाळेपर्यंत मुलाला रोज पोहोचविण्याची सोय असावी लागते. यांपैकी प्रत्येक पायरीवर, कोणताही नियम उघडपणे न मोडता, गाळण होऊ शकते. अर्ज इंग्रजीतच असणे, अर्जासोबत निबंध मागणे, आधीचे गुणपत्रक मागणे, मुलाखतीस बोलाविणे, पालकांनी वर्षाकाठी ठरावीक तास शाळेत श्रमदान करावे अशी अट घालणे, हे त्याचे ज्ञात प्रकार होत. २०१६ मध्ये नागरी स्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या एका संस्थेच्या दक्षिण कॅलिफोर्निया शाखेने एका सहयोगी संस्थेसह राज्यातील सनदी शाळांचे प्रसिद्ध प्रवेशनियम तपासले. किमान २५३ शाळांच्या, म्हणजे राज्यातील पाचांतील एकीहून अधिक शाळांच्या, नियमांत असे अटकाव आढळले. ते लपवून ठेवलेले नव्हते. शाळांनी स्वतःच ते छापले होते. आपण काही गैर करीत आहोत याची जाणीवच अनेक ठिकाणी नव्हती, हा या प्रकरणाचा खरा बोध होय. प्रसिद्धीनंतर अनेक शाळांनी आपले नियम दुरुस्त केले, ही गोष्टही नोंदविण्याजोगी आहे.

अपंग मुलांच्या बाबतीत आकडे अधिक बोलके आहेत. संघराज्याच्या लेखापरीक्षण-कार्यालयाने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००९–१० या वर्षी प्रचलित सार्वजनिक शाळांच्या पटात अपंग विद्यार्थी सुमारे ११ टक्के, तर सनदी शाळांत सुमारे ८ टक्के होते. या तफावतीचा अर्थ काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. न्यूयॉर्क शहरापुरते पाहता, मार्कस विंटर्स यांनी २०१३ मध्ये असे दाखविले, की तेथील अंतर मुख्यतः बालवर्गाच्या प्रवेशापासूनच सुरू होते, कारण अपंग मुलांचे पालक सनदी शाळांकडे अर्जच कमी करतात. तसेच या शाळा मुलांना अपंग म्हणून वर्गीकृतही कमी करतात. हा युक्तिवाद सनदी शाळांच्या बचावासाठी मांडला जातो, आणि मुले सर्रास घालवून दिली जातात या आरोपाला तो काही अंशी उत्तरही देतो. परंतु पालक अर्ज का करीत नाहीत, हा प्रश्न त्याने सुटत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २९ राज्यांतील हजारो शाळांना काल्पनिक पालकांच्या नावे पत्रे पाठवून प्रवेशाची चौकशी करण्यात आली. मुलाला विशेष शिक्षणाची मोठी गरज असल्याचा उल्लेख पत्रात आला, की सनदी शाळांकडून उत्तर येण्याचे प्रमाण घटले. प्रचलित शाळांत तशी घट दिसली नाही. न आलेल्या उत्तराविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.

या वर्तनाचे कारण केवळ चालकांच्या वृत्तीत शोधणे योग्य होणार नाही. सनदेचे नूतनीकरण बहुधा परीक्षांच्या निकालांवर अवलंबून असते. अनुदान विद्यार्थीसंख्येनुसार मिळते. अवघड मुलांसाठी वाढीव तरतूद असली, तरी ती प्रत्यक्ष खर्चाला सर्वत्र पुरत नाही. लहान शाळेला एका तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाचा खर्चही जड जातो. म्हणजे कायदा ज्या निवडीला बंदी करतो, तिचेच प्रलोभन योजनेची आर्थिक रचना निर्माण करते. शाळाचालक सज्जन असला तरी हे प्रलोभन नाहीसे होत नाही.

५. सोडतीनंतर

सोडतीत नाव निघाले म्हणजे मूल शाळेत राहिलेच, असे नाही. वारंवार निलंबन, पालकांना रोजची बोलावणी, ‘ही शाळा तुमच्या मुलाला मानवणारी नाही’ असा सल्ला, या मार्गांनी मूल शाळा सोडते आणि कागदोपत्री ते पालकाच्या इच्छेने गेलेले असते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका शाळेत, जाणेच इष्ट अशा १६ मुलांची यादी मुख्याध्यापकाने केल्याचे वृत्तपत्रांतून उघड झाले. त्यांपैकी ९ मुले पुढे शाळा सोडून गेली होती. संबंधित शाळासमूहाने ही चूक मान्य केली, परंतु ते आपले धोरण असल्याचे नाकारले.

अशा एका उदाहरणावरून सर्व शाळांविषयी अनुमान काढणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. त्याच शहराच्या स्वतंत्र अर्थसंकल्प-कार्यालयाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बालवर्गात दाखल झालेल्या मुलांपैकी तीन वर्षांनंतर त्याच शाळेत टिकलेल्यांचे प्रमाण सनदी शाळांत सुमारे ७० टक्के, तर जवळपासच्या प्रचलित शाळांत सुमारे ६१ टक्के आढळले. तेव्हा गळती ही सनदी शाळांचीच विशेष बाब आहे, असे म्हणता येत नाही. फरक पडतो तो गळतीनंतरच्या वर्तनात. प्रचलित शाळेला वर्षात केव्हाही आलेल्या मुलाला घ्यावेच लागते. उलट कित्येक सनदी शाळा ठरावीक इयत्तेनंतर रिकाम्या जागा भरीत नाहीत. अभ्यासात मागे पडलेली मुले गेली आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, की वरच्या वर्गाची सरासरी आपोआप उंचावते. शिवाय वर्षाच्या मध्यावर शाळा बदलणारी मुले बहुधा बेघर, स्थलांतरित वा विस्कटलेल्या कुटुंबांतील असतात. त्यांच्यापुरती सोडत ही कधीच संपून गेलेली गोष्ट असते.

६. दुरुस्तीचे प्रयत्न

२०१० च्या सुमारास कायद्याची दृष्टी सोडतीच्या दोन्ही बाजूंकडे वळलेली दिसते. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्सने सनदी शाळांना विद्यार्थी मिळविण्याच्या व टिकविण्याच्या योजना सादर करावयास लावल्या आणि खालच्या इयत्तांतील रिकाम्या जागा भरणे बंधनकारक केले. न्यूयॉर्कने सनदांची कमाल संख्या २०० वरून ४६० वर नेताना, अपंग, इंग्रजी शिकणारी व गरीब मुले यांच्या प्रवेशाची आणि टिकण्याची लक्ष्ये शाळांना घालून देण्याची अट जोडली. येथे ‘टिकणे’ हा शब्द कायद्यात आला, हे विशेष होय.

न्यू ऑर्लीन्सचा अनुभव स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तेथील बहुतेक शाळा राज्याने आपल्या हाती घेतल्या आणि क्रमाक्रमाने त्या सनदी झाल्या. प्रत्येक शाळेचा अर्ज निराळा, मुदत निराळी. अपंग मुलांचे पालक दारोदार फिरत. २०१० मध्ये त्यांच्या वतीने राज्याच्या शिक्षणखात्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि २०१५ मध्ये स्वतंत्र निरीक्षकाच्या देखरेखीची तरतूद होऊन तो मिटला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, शहराने सामायिक अर्जाची पद्धत सुरू केली. पालकाने एकाच अर्जात शाळांचा पसंतीक्रम द्यावा आणि मध्यवर्ती कार्यालयाने सोडतीच्या क्रमांकांनुसार जागा नेमून द्याव्यात, असे तिचे स्वरूप होते. डेन्व्हरमध्ये त्याच वर्षी आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये २०१४ मध्ये अशी व्यवस्था आली. सोडत शाळेच्या हातून निघून त्रयस्थाकडे गेली, हा तिचा मोठा लाभ होता. तथापि न्यू ऑर्लीन्समधील काही नामांकित शाळा कित्येक वर्षे या पद्धतीबाहेर राहिल्या, आणि काहींना परीक्षा घेऊन प्रवेश देण्याची मुभाही होती.

संघराज्याच्या शिक्षणखात्याने मे २०१४ मध्ये पत्रक काढून नागरी हक्कांचे सर्व कायदे सनदी शाळांना लागू असल्याचे पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या मार्गदर्शनाने, आणि नंतर २०१५ च्या कायद्याने, वंचित मुलांच्या चिठ्ठ्यांना अधिक भार देणाऱ्या सोडतीस मान्यता मिळाली. म्हणजे समान संधीसाठी सोडतच असमान करावी लागते, हे कायद्याने मान्य केले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये पालकांच्या सक्तीच्या श्रमदानाची अट मोडीत काढली व शाळेतून काढण्यापूर्वी सूचना आणि सुनावणीची हमी दिली. २०१९ मध्ये प्रवेशापूर्वी मुलाची कागदपत्रे मागण्यास आणि मुलाला शाळा सोडण्यास प्रवृत्त करण्यास मनाई केली.

७. सार्वजनिक की खाजगी?

या सर्व दुरुस्त्यांचा पाया एका गृहीतावर उभा आहे : सनदी शाळा ही सार्वजनिक संस्था आहे. हे गृहीत न्यायालयांत निर्विवाद राहिलेले नाही. २०१० मध्ये संघराज्याच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, एका शिक्षकाच्या नोकरीसंबंधीच्या दाव्यात, सनदी शाळा चालविणारी संस्था राज्याच्या वतीने वागत नव्हती असे ठरविले. उलट चौथ्या परिमंडळाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये, मुलींच्या गणवेशासंबंधीच्या दाव्यात, उत्तर कॅरोलायनातील शाळा राज्याचीच प्रतिनिधी मानली. त्यावरील अपील ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला. ओक्लाहोमातील एका धर्मसंस्थेच्या सनदी शाळेचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २२ मे रोजी न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी विभागली. सनद अवैध ठरविणारा राज्याचा निकाल त्यामुळे कायम राहिला. परंतु देशभर बंधनकारक असा दंडक मिळाला नाही. सनदी शाळा खाजगी ठरल्यास, समान संरक्षणाचा घटनात्मक दंडक तिच्या प्रवेशव्यवहाराला थेट लागू होणार नाही आणि सगळी भिस्त विधिमंडळांनी केलेल्या कायद्यांवर राहील.

सनदी शाळांच्या समर्थकांचा एक आक्षेप येथे विचारात घेणे न्यायाचे होईल. प्रचलित शाळांचा प्रवेश निवासावर ठरतो, आणि चांगल्या वस्तीतील घराची किंमत हेच तेथील अघोषित शुल्क असते. १९७४ च्या मिलिकन निर्णयाने उपनगरांच्या सीमा सामान्यतः न्यायालयांच्या आवाक्याबाहेर ठेवल्या. अशा स्थितीत सोडत ही निवासाच्या सीमेपेक्षा अधिक न्याय्य आहे, असे ते म्हणतात. हे खरे आहे. पण त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की सोडत ही तुलनेने बरी पद्धत आहे. ती पुरेशी आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

न्यू केंटमध्ये १९६८ साली जी कसोटी लावली गेली, तीच अखेर येथेही लावावी लागते. नियम काय म्हणतो यासोबतच पट काय सांगतो, हे पाहावे लागते. आणि पट वाचताना तीन संख्या एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात : अर्ज कोणी केले, प्रवेश कोणाला मिळाला आणि वर्षाअखेरीस वर्गात कोण उरले. सोडतीचा कायदा यांपैकी मधल्या संख्येची हमी देतो. पहिल्या आणि तिसऱ्या संख्येची जबाबदारी कोणाची, हे ठरविण्याचा प्रयत्न म्हणजेच या शाळांच्या प्रवेशनीतीचा १९९१ पासूनचा इतिहास होय, आणि तो अद्याप पूर्ण झालेला नाही.